अडकलं की आधी थांबायचं

फोन काकूंचा होता. मी कोडोलीच्या एसटीत उभी होते, एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात मोबाइल. "कांबळे..." एवढंच त्या म्हणाल्या आणि थांबल्या. काकू मला नेहमी नावानं हाक मारत. आडनावानं हाक मारायचे ते चौगुले उस्ताद. त्यांची हाक त्यांच्या बायकोच्या तोंडून आली, तेव्हाच मला कळलं. पुढं त्या काय बोलल्या ते आता नीट आठवत नाही. गाडी जोतिबाच्या फाट्यावर थांबली तशी मी खाली उतरले. उस्तादांचं घर तिथून जवळच, डोंगराच्या पायथ्याला आहे.

उस्ताद जाऊन आता काही आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आई-वडील दुसऱ्याच्या रानात कामाला जातात. गेलेल्या माणसाबद्दल कसं लिहायचं, हे विचारावं असं घरात कोणी नाही. तरी लिहिते आहे, कारण एक गोष्ट मनातून जात नाही. उस्ताद फौजेत हवालदार होते आणि कोल्हापुरात आमच्या कॉलेजच्या एनसीसीला हत्यारं शिकवायला आले होते. गोळी रायफलमध्ये कुठं आणि का अडकते, हे ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. आणि ते गेले अन्ननलिकेच्या कर्करोगानं. घास खाली उतरेना, तिथून सगळं सुरू झालं.

मी पहिल्यांदा एसएलआर हातात घेतली ती कॅम्पमध्ये. ही अर्धस्वयंचलित रायफल. चाप ओढला की एक गोळी सुटते, तिच्याच गॅसच्या धक्क्यानं आतला ठोकळा मागं जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढं येताना मॅगझीनमधली, म्हणजे खालच्या गोळ्यांच्या डबीतली, नवी गोळी ढकलत नळीच्या मागच्या चेंबरमध्ये नेऊन बसवतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. नेमबाजीच्या संघाची निवड चाचणी होती आणि मला काहीही करून संघात जायचं होतं. दोन गोळ्या छान गेल्या. तिसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसतंच टक्. मी घाबरले. बाकीच्या मुली फायर करत होत्या, वेळ चालला होता. मी ठोकळा मागं ओढायचं कॉकिंग हँडल हिसकलं, मॅगझीनला खालून तळहातानं दोन दणके दिले, पुन्हा हिसकलं.

"कांबळे, बोट काढ." मागून आवाज आला. "चापावरचं बोट काढ आदी. नळी समोरच ऱ्हाऊ दे. आता थांब."

"उस्ताद, वेळ जातोय..."

"जाऊ दे की. गोळी काय पळून जात न्हाय. ती अडकलीया, तुला सांगतीया की कायतरी बिघडलंय. आन तू तिला बुक्क्या घालतीस!"

त्यांनी माझ्याकडून मॅगझीन काढवून घेतलं, हँडल मागं ओढून आत बघायला लावलं. गोळी चेंबरच्या तोंडाशी तिरकी होऊन बसली होती, टोक वर करून. ती काढली, रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि उस्ताद मला घेऊन झाडाखाली गेले. माझी चाचणी तिथंच संपली होती. मी रडत होते आणि रडतच म्हणाले, की रायफलच खराब आहे. सगळ्या मुली तेच म्हणत होत्या. ती रायफल आधीपासूनच बदनाम होती.

"कशावरनं?" ते म्हणाले.

मग त्यांनी सरावाच्या खोट्या गोळ्या काढल्या. माझं मॅगझीन दुसऱ्या रायफलला लावलं. तिथंही गोळी तिरकी झाली. मग माझ्या रायफलला दुसरं मॅगझीन लावलं. एकामागं एक गोळ्या सरळ आत गेल्या, बाहेर पडल्या. "येका टायमाला येकच बदलायचं," ते म्हणाले. "दोन बदलल्यास तर गुन्हेगार कोण ते कळायचं न्हाय." मग त्यांनी माझं बोट धरून मॅगझीनच्या तोंडावरून फिरवलं. तिथं पत्र्याच्या दोन वळवलेल्या कडा असतात, गोळीला धरून ठेवणाऱ्या. उस्ताद त्यांना ओठ म्हणत. डावा ओठ जरासा बाहेर वाकला होता. डोळ्यांना दिसतही नव्हता, बोटाला मात्र लागत होता.

तो कशानं वाकला, तेही त्यांनी शोधून काढलं. आमच्यातल्या बऱ्याच जणी मॅगझीन लावण्याआधी ते बुटाच्या टाचेवर किंवा दगडावर ठाक ठाक आपटायच्या. तसं केलं की गोळ्या नीट बसतात असं आम्ही एकमेकींना सांगितलं होतं. उस्तादांनी सगळ्यांना उभं केलं. "कुठं शिकलासा ह्ये?" एकजण म्हणाली, "सिनेमात बघितलं, उस्ताद." त्यांनी वाकलेलं मॅगझीन वर धरलं. "सिनेमात गोळ्या संपत न्हाईत, पोरींनू. तितं काय बी आपटा."

त्या वर्षी मी संघात गेले नाही. पुढच्या वर्षी गेले. पण उस्तादांनी त्याचं कौतुक फार केलं नाही. सरावात माझी रायफल अडकली आणि मी कुणी न सांगता बोट काढून थांबले, त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच्या डब्यातली चटणी-भाकरी मला दिली. गॅस कमी पडतोय, की स्प्रिंग ढिली झालीय, की मॅगझीन पुरतं बसलेलंच नाही, हे सगळं नंतर. आधी थांबायचं. जोर लावायचा नाही. जोर लावला की जे थोडंसं वाकलंय ते पुरतं मोडतं... हे ते दर वर्गाला सांगायचे, इतकं की आम्ही त्यांच्या मागं त्यांच्याच आवाजात म्हणायचो.

ते निवृत्त झाले आणि गावी आले. त्यांचा मुलगा फौजेत, लांब सरहद्दीवर. घर माझ्या वाटेवरच होतं, त्यामुळे शनिवारी गावी जाताना मी उतरायचे. काकू जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. अशाच एका दुपारी मी बघितलं, की उस्ताद प्रत्येक घासाला पाणी पितायत. भाकरीचा तुकडा आमटीत कुस्करून मऊ करायचा, तोंडात घालायचा, वर अर्धा तांब्या पाणी, आणि मग छातीवर मुठीनं हळूच ठोकायचं. घास उतरला की पुढचा.

"किती दिवस झालं हे?" मी काकूंना विचारलं.

"दिवाळीपासनं," काकू म्हणाल्या. "दवाखान्यात चला म्हणून सांगून सांगून मी दमलो की. ह्ये म्हणत्यात पित्त हाय."

"पित्तच हाय," उस्ताद म्हणाले आणि पुन्हा छातीवर मूठ ठोकली.

ती मूठ बघून मला कॅम्प आठवला. बोलावं की नाही, कळत नव्हतं. त्यांना काही सांगण्याइतकी मी मोठी नव्हते. तरी तोंडातून निघून गेलं. "उस्ताद... तुम्ही जोर लावताय."

त्यांचा हात छातीवरच राहिला. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पुढच्या सोमवारी ते कोल्हापुरात डॉक्टरांकडं गेले.

उशीर झाला होता. उपचार करायचे तर अंगात ताकद हवी, आणि तोंडानं तर पाणीही जाईना. डॉक्टरांनी पोटात नळी बसवायला सांगितली. उस्ताद ऐकेनात. "नळीनं खाऊन जगायचं? त्यापरास न्हाई जगलो तर काय बिघडलं?" काकूंनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. टेबलावर डॉक्टरांनी दाखवायला दिलेली तशीच एक नळी पडली होती. मी ती उचलून उस्तादांच्या हातात दिली. मग त्यांची बोटं तिच्यावरून फिरू लागली, तोंडाशी, टोपणाशी, चिमट्याशी. "ह्यो कशाला?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. "मग इचारून ये की," ते म्हणाले. नर्सला विचारून मी आले, तोवर ते नळी बसवून घ्यायला तयार झाले होते.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना रीतसर शिकवलं. आधी कोमट पाणी, मग गाळलेली पेज, मग परत पाणी. आवाज बसला होता, तरी हुकूम सोडायचे. "लोड!" काकू पिचकारी धरून म्हणायच्या, "गप बसा, न्हायतर उपाशी ठेवीन." एकदा नळी तुंबली. काकू घाबरल्या आणि पिचकारीचा दांडा दोन्ही अंगठ्यांनी दाबू लागल्या. उस्तादांनी नुसता हात वर केला. काकूंनी दाबणं सोडलं. मी कोमट पाणी आणलं, थोडं आत, थोडं मागं, थोडं आत... बराच वेळ गेला, आणि मग पाणी सरळ गेलं. उस्ताद डोळे मिटून पडले होते. "पैल्यांदा अडकलं तवाच बघायला पायजे हुतं, कांबळे," ते म्हणाले. "दुसऱ्याची रायफल असती तर बघितलं असतं."

मी पिचकारी धुवायला घेतली.

पावसाळा संपता संपता ते गेले.

परवा शनिवारी मी उतरले. काकू एकट्याच होत्या. "बस, जेवून जा," म्हणाल्या. मी त्यांच्यामागं स्वयंपाकघरात गेले. त्यांनी कढईत तेल ओतलं, मोहरीचा डबा काढला, आणि मोहरी टाकायच्या आधी उठून दार लोटलं, कडी घातली, खालच्या फटीत टॉवेल दाबला. मी विचारलं, तेव्हा त्या सांगू लागल्या. उस्ताद बाहेरच्या खोलीत पडून असायचे, तेव्हा फोडणीचा वास त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून त्या असं करायच्या. जेवायच्याही इथंच, दाराआड, भाकरी मोडल्याचा आवाज होणार नाही अशा बेतानं. "त्यास्नी ठावं हुतं," काकू म्हणाल्या. "येकदा मला म्हणलं, दार उगड गं, वास तरी येऊ दे. मी न्हाय उगडलं."

तेल तापून धूर यायला लागला होता. काकू कडीकडं बघत होत्या. मग त्यांनी मोहरी टाकली. ती तडतडली, लसूण लाल झाला, आणि वास त्या एवढ्याशा खोलीत कोंडून राहिला. आमच्या डोळ्यांना पाणी आलं. काकूंनी दोन ताटं घेतली. भाकरी मोडली ती हळूच, आवाज न करता. मीही तशीच मोडली. जेवण होईपर्यंत दोघींपैकी कुणीच दार उघडलं नाही.