धाकट्यानं पाठवलेली यादी

माझ्या धाकट्या भावानं मला पुण्यातल्या वाइन बारची यादी पाठवली होती. सात ठिकाणं, आणि प्रत्येकापुढं त्याचा शेरा. 'इथं गाणे लय मोठ्यानं लावतात.' 'नाशिककडची लाल वाइन, तुले आवडन.' मी अमरावतीच्या राजापेठेत राहणारा, शाळेत मराठी शिकवणारा माणूस. तिसऱ्या शेऱ्यावरच माझं डोकं तापलं. पुढचं न वाचता उत्तर पाठवलं, 'मोठ्या भावाले बारचे पत्ते सांगून राहिला? लाज नाही वाटत तुले?'

खरं तर लाज मलाच वाटत होती. आमच्या घरात धाकटा मोठ्यासमोर पीत नाही. पितो हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त दिसायचं नाही, आणि मोठ्यानंही पाहायचं नाही. अमरावतीत शाळेतल्या कुण्या पोराचा बाप भेटायचा, या धाकानं मी महिन्यातल्या एखाद्या रविवारी थेट अकोल्याला जाऊन बसायचो. पडदे लावलेल्या केबिनमध्ये, भर दुपारी.

एका रविवारी शेजारच्या केबिनमधून खोकला ऐकू आला. तो खोकला मी त्याच्या दुधाच्या दातांपासून ओळखत होतो. धाकटा तेव्हा अकोल्यातच नोकरीला होता. मी वेटरला शेव-कांदा मागितला आणि पलीकडचा खोकला एकदम बंद झाला. झालं, दोघंही अडकलो. आधी उठेल तो दिसेल. तासभर आम्ही चोरासारखे बसून होतो. शेवटी पलीकडून तो वेटरला मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "बाजूच्या साहेबायले सांग, मी भिंतीकडे तोंड करून बसलो आहो. त्यायनं खुशाल जावं."

मी गेलो. एसटीत बडनेऱ्यापर्यंत एकटाच हसत होतो. पुढं दिवाळीत, लग्नकार्यात शंभरदा भेटलो, पण त्या दुपारचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

मग त्याची पुण्याला बदली झाली. यादीवरचं माझं उत्तर वाचून त्यानं फोन केला. चिडला नव्हता.

"दादा, एकदा ये ना. आता काय आपण पोट्टे राहिलो का? एकदा तरी संगं बसू."

"पाहू," मी म्हणालो. आमच्याकडे पाहू म्हणजे नाही, हे त्यालाही कळत होतं.

मार्चमध्ये तो ऑफिसात बसल्या जागी गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता.

त्याची खोली रिकामी करायला मी पुण्याला गेलो. कपडे बांधून झाल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून फोनमधली ती यादी काढली आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. सातव्या ठिकाणापुढं लिहिलं होतं, 'इथं खिडकीले लागून खुर्च्या आहेत. शेजारी-शेजारी, तोंडं रस्त्याकडे. मी जाऊन पाहून आलो. तू माह्याकडे पाहायचं नाही, मी तुह्याकडे पाहायचं नाही. मंग तर जमते नं?'

मी त्या परक्या खोलीत, त्याच्या बांधलेल्या कपड्यांवर डोकं ठेवून रडलो. रीत त्यानंही मोडली नव्हती. त्यानं फक्त तिच्यात दोघांपुरती जागा शोधली होती, आणि मी ते वाचायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती.

दुपारी चारला तिथं गेलो. खिडकीपाशी बसून दोन ग्लास लाल वाइन मागवली. वाढणाऱ्या मुलीनं विचारलं, "अजून कुणी येणार आहेत का?" मी हो म्हणालो. तिनं दुसरा ग्लास शेजारच्या खुर्चीपुढं ठेवला. वाइन मला आंबट लागली. पण ते सांगायचं होतं त्याला. अकोल्यात तुझा खोकला मी ओळखला होता रे, हेही सांगायचं होतं. आणि माफी मागायची होती.

माझा ग्लास संपेपर्यंत मी रस्त्याकडेच पाहत राहिलो. बाजूला एकदाही पाहिलं नाही. तो अवघडला असता.