धावत्या जोडीचा फोटो

शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, फोटो बाबांनीच काढायचे, हा आमच्या मारेगावच्या स्टुडिओचा अलिखित कायदा होता. हिवाळ्यात जवळच्या गावी पट भरला की बाबा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून धावपट्टीच्या मध्यावर उभे राहत. बैल सुटले की कमरेपासून जोडीबरोबर वळत आणि बटण एकदाच दाबत. शटर मुद्दाम हळू ठेवलेलं असे. फोटोत बैलांचे डोळे स्वच्छ, छकड्याची चाकं गरगरती, मागची गर्दी पुसून गेलेली. लोक ते फोटो देवघराशेजारी लावत.

मागच्या वर्षी मी नवा कॅमेरा घेतला. सेकंदाला वीस फोटो, फोकस आपोआप. आंधळ्यानेही काढावा, अशी बढाई मी गावभर मारली. त्याच वर्षी बाबांचा हात थरथरू लागला. कपातला चहा बशीत सांडायचा आणि मला उगाच राग यायचा.

तरी ते पटाला आले. त्यांच्या कास्तकार मित्राची, म्हणजे काकांची, जोडी त्या दिवशी शेवटची धावणार होती. बैलांचं वय झालं होतं. बाबा म्हणाले, "या जोडीचा मले काढू दे. एकच."

मी चार माणसांदेखत त्यांच्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतला. म्हणालो, "बाबा, हात हालते तुमचा. फोटो बिघडला तर काकाले काय तोंड दाखवू?"

ते मित्राशेजारी जाऊन दोरीपाशी उभे राहिले. मी मात्र नव्या कॅमेऱ्याने धडाधड फोटो घेतले.

काकांनी ते एकेक करून पाहिले. फोटो साफ आहेत म्हणाले, पण बैल उभे दिसतात. खरंच होतं. मी शटर इतकं जलद ठेवलं होतं की उडालेली मातीसुद्धा हवेत थांबली होती. बाबा आता टोमणा मारतील असं वाटलं. त्यांनी मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर बाबांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. पावसाळ्यात ते गेले.

यंदा मी त्यांचाच कॅमेरा घेऊन पटाला गेलो. शटर त्यांच्याइतकंच ठेवलं, जागाही त्यांचीच धरली. आठ जोड्या गेल्या, आठही वेळा कॅमेऱ्याच्या पडद्यावर गर्दीबरोबर बैलही पुसलेले दिसले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगण बाबांचं होतं. काका शेजारीच उभे होते. स्वतःला सावरायला मी त्यांना म्हणालो, हात तसा झाल्यावर बाबांनाही हे जमलं नसतंच.



"मांगच्या साली तू फोटो काढून राह्यलता ना," काका म्हणाले, "तवा तुह्या बाबानं रिकामेच हात डोयापाशी नेले. जोडी आली तसा तिच्यासंगं फिरला. हात जराही हालला नाही, मी बाजूलेच होतो. बोटानं बटण दाबल्यावानी केलं, हात खाली घेतले अन् मले म्हणे, चांगला आला असता."