दांडा मधोमध

घाटकोपरला भटवाडीत विमलाबाईंची पिठाची गिरण आहे. नवरा, राजाराम, गेल्यापासून ती बंद होती. बटण दाबलं की मोटार गुरगुरायची, दगड मात्र हलायचा नाही. राजाराम अजून मोटारीतून उठलेला नाही, असं शेजारणी कुजबुजत. गिऱ्हाईक डबे घेऊन दुसरीकडे जाऊ लागलं.

शेवटी मुलीने, श्रुतिकाने, नंदूला बोलावलं. तो आणि राजाराम एकाच कापडगिरणीत मोटारी दुरुस्त करायचे. ही मोटारही तिथल्या भंगारातलीच. घरच्या एका फेजवर चालते, तरी धान्याने भरलेला दगड जागचा उठवते. पूर्वी लिफ्टला, पंपांना, छापखान्यांत अशाच असत. वीज फक्त बाहेरच्या वेटोळ्यांना. आतल्या फिरत्या भागाला, आर्मेचरला, बाहेरून तारच नाही. त्यात वीज आपोआप उपजते, आणि त्यावर टेकलेले, एकमेकांना जोडलेले कार्बनचे ठोकळे तिला वाट देतात. हे कार्बन दांड्याने सरकवायचे. दांडा मधोमध असला तर मोटार नुसती गुरगुरते. एका बाजूला नेला की फिरते, दुसऱ्या बाजूला नेला की उलटी फिरते.

काम संपलं की राजाराम रोज आधी दांडा मधोमध आणायचा, मग बटण बंद. दुसऱ्या दिवशी कुणाचा हात दगडापाशी असताना बटण दाबलं गेलं, तरी दगड उठता कामा नये.

नंदूने एकदा पाहिलं आणि दांड्याकडे हात नेला. विमलाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

“मला ठाऊक आहे रे काय करायचं ते. ह्यांनी ठेवलाय तो तसा.”

नंदूने हात मागे घेतला. “मग तुम्हीच हलवा, वहिनी. नाहीतर मोटार विका. गंज चढला की कुणालाच हलायचा नाही तो.”

तो गेल्यावर त्यांनी बटण दाबलं आणि दांडा डावीकडे नेला. दगड उलटा फिरला. ‘डावीकडे’ म्हणायचा नवरा, पण ते त्याच्या बाजूने; त्यांनी मात्र जन्मभर त्याला समोरून पाहिलं होतं. बटण बंद करून त्या मोटारीला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेल्या, जिथे तो उभा राहायचा. तिथून दांडा डावीकडे नेला. दगडाने सुलटा वेग घेतला. दुपारभर त्यांनी तांदूळ दळले.

संध्याकाळी दांडा मधोमध आणला, तरी दगड सरपटतच राहिला. त्यांनी दांडा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवून पाहिला. खांदा भरून आला. मग दगड थांबला आणि तीच गुरगुर उरली, घशातल्या घशात.

श्रुतिका दारातून म्हणाली, बटण बंद कर आई. विमलाबाई दांड्यावर हात ठेवून ऐकत उभ्या राहिल्या.