धरणाच्या खुणेला वाहिलेलं कुंकू

भजनी मंडळातल्या बायांनो, आज सकाळचंच सांगते. धरणाच्या मोजणीवाल्यांनी काल आमच्या तलावाच्या पाळीवर शेंदरी रंगाचा दगड गाडला. सासूबाईंनी आंघोळ करून भक्तीने त्याला हळदकुंकू वाहिलं.

मोजणीवाले साहेब हसले. "आजी, हा देव नाही. धरणाचं पाणी कुठवर चढेल, त्याची खूण आहे."

"मंग आमचं घर?"

"बुडेल. देशासाठी कोणाला तरी घर सोडावंच लागतं."

"त्या देशात आमी नाही का, बाप्पा?"

साहेब मोजणीची फीत गुंडाळू लागले. मी सासूबाईंचं हळदकुंकवाचं ताट उचललं.

घरी आल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "सूनबाई, दिवाळीले घर सारवाचं का नाही?"

मी शेणमाती कालवायला घेतली. तुम्ही काय सांगितलं असतं?