लीडरबाई एकट्या कधी जात नसत

लीडरबाई स्वतःची अर्ध्या दिवसाची रजा मागायलासुद्धा मॅनेजरच्या केबिनमध्ये एकट्या जात नसत. सोबत दोघी हव्याच. साकीनाक्याच्या आमच्या पॅकिंग युनिटमध्ये आम्ही बावीस जणी, आणि युनियनची बोलणी त्या करायच्या. मॅनेजर एकदा खवचटपणे म्हणाला, "बाई, लग्न ठरवायला आलात काय?" बाई म्हणाल्या, "हो. मुलाकडचे आम्ही. बोला, काय देताय?"

मी नवीन होते तेव्हा चिडायचे. एवढ्याशा कामाला वरात कशाला? तर म्हणाल्या, "एकटी गेलीस की ती विनंती गं. तिघी गेलो की मागणी." दिवसभर उभ्याने डबे भरून आमचे पाय सुजायचे; बसायला स्टुलं मिळाली ती अशीच. दर तीन वर्षांनी पगाराचा करारही तसाच, भांडून व्हायचा.

मग लॉकडाऊन लागला. मालक हात जोडून म्हणाले, मंदी आहे, सांभाळून घ्या. लीडरबाईंनीच आम्हाला समजावलं, "कंपनी जगली तर आपण जगू," आणि आम्ही पगारवाढ सोडली. सोडली! भोळ्याच आम्ही. कंपनी सावरली, नवी मशीनं आली, आणि कराराची वेळ आली तर पुन्हा मंदीचंच रडगाणं. यावेळी तर केबिनमध्येही बोलावलं नाही. ऑफिसातल्या माणसाने मला घरी फोन केला: "फक्त तुम्हालाच सांगतोय. राजीनामा द्या, कंत्राटदारामार्फत परत घेऊ. कोणाला बोललात तर तेही जाईल."

मी घाबरले. पोराची शाळा डोळ्यांसमोर आली. सही केली, आणि कोणाला बोलले नाही. आठवड्याने गेटवर कळलं, 'फक्त तुम्हालाच' हे त्या हलकटाने बावीस जणींना सांगितलं होतं. एकवीस सह्या झाल्या होत्या. होरपळलेल्या बायकांना असं एकेकटं गाठायचं, ही कसली मर्दुमकी?

सही नव्हती ती लीडरबाईंची. मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, "आता कोणाच्या वतीने बोलणार, बाई?" आम्ही मागे माना खाली घालून उभ्या. त्यांची बदली भिवंडीच्या गोदामात केली. घाटकोपरहून रोजची ती ये-जा झेपेना, दोन महिन्यांत त्या घरी बसल्या. बसवलं, म्हणायला हवं.

मी वर्षभर त्यांच्यापासून तोंड लपवलं. कंत्राटदाराकडे मशीन तेच, पगार कमी. परवा एक बाई कामावर चक्कर येऊन पडली, आणि कंत्राटदार तिला म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." मग मात्र राहवेना. थेट लीडरबाईंच्या घरी गेले आणि दारातच रडायला लागले. म्हटलं, "बाई, शिव्या द्या मला."

"देईन की. सोडते काय?" त्या म्हणाल्या. "आधी सांग, आता कंत्राटावर किती जणी आहात? एकेकीचं नाव सांग."

मी पहिलं नाव माझंच सांगितलं.