कुलरच्या खोलीतली लेन्स

माझा कॅमेरा आता प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात राहतो. डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या आहेत आणि हवेतली ओल दाखवणारं एक बारकं यंत्र आहे. त्याचा काटा जरा सरकला की मी पुड्या बदलतो. धंद्यातले दोस्त हसतात. म्हणतात, सोलापुरात कसली आलीय ओल, इथं तोंडात थुंकी राहत नाही. मीही एके काळी हेच म्हणायचो, त्यामुळं त्यांना शिकवायला जात नाही.

मी लग्नाचे फोटो काढतो. घर दोन खोल्यांचं. आतली स्लॅबची, बाहेरची पत्र्याची. होळी झाली की पत्रा असा तापतो की दुपारी कळशीतलं पाणीसुद्धा कोमट लागतं. कॅमेऱ्याला उष्णता वाईट, हे मी कुठंतरी वाचलेलं आणि ते डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून सामानाचं कपाट आतल्या खोलीत, आणि कपाटाशेजारच्या खिडकीत घरातला एकुलता एक पाण्याचा कुलर. आम्ही नवरा-बायको आत झोपायचो. आई बाहेर, पत्र्याखाली.

"मला गार वारं सोसत न्हाय, गुडघं धरत्यात," ती म्हणायची. तिघांना आत जागा नव्हती, तेव्हा तिचं हे म्हणणं मला सोईचं होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुपारी आम्ही दोघं कामावर जायचो तरी कुलर चालूच ठेवायचो, कपाटासाठी. दार ओढून घे, आत धूळ जाते, असं वर आईलाच बजावायचो. ती बाहेर पुठ्ठ्यानं वारा घेत बसायची. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

त्या कपाटात माझी पोर्ट्रेटची लेन्स होती. पुण्याहून जुनीच आणलेली, पण काच अशी की माणसाच्या पापण्या मोजाव्यात. तिला मी इतका जपायचो की वापरायचोच नाही. लग्नाच्या गर्दीत धक्का लागेल, अक्षता पडतील, म्हणून तिथं साधी झूम लेन्स न्यायची आणि हिला चामडी पिशवीत घालून कपाटात कुलूपबंद ठेवायची. मार्चमध्ये ठेवली ती जूनपर्यंत मी बघितलीसुद्धा नाही.

आईनं मात्र सांगितलं होतं. तिनं तीस-बत्तीस वर्षं विड्या वळल्या. तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची, पण वेळेत उघडून वारा द्यायचा, नाहीतर पानावर पांढरी बुरशी धरते आणि कारखान्यातून माल परत येतो. ओल तिला हाताला कळायची. एकदा आत झाडायला गेली आणि कपाटाच्या दारावर तळवा ठेवून म्हणाली, "हितं लई ओल हाय. पानावानी बुरशी धरंल की रं तुज्या काचंला."

"आई, ती काच आहे, पान नाही," मी म्हणालो. आणि बायकोकडं बघून हसलो.

तिचं मागणं एकच होतं. माझा एक चांगला फोटो काढ. गावभरच्या नवऱ्या मुलींचे काढतोस, घरात माझा एक न्हाय. मी म्हणायचो, सीझन संपू दे. शेवटी जूनमध्ये एका सकाळी तिनं स्वतःच हिरवी इरकल नेसली, केसांना तेल लावलं आणि दारात स्टूल टाकून बसली. मी मोठ्या ऐटीत ती लेन्स काढली. तीन फोटो काढले. उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही नीट दिसलं नाही.

कॉम्प्युटरवर दिसलं. तिन्ही फोटोंत आईचा चेहरा धुरकट. लेन्स उजेडासमोर धरली तर आतल्या काचेवर पांढरे, कापसाच्या तंतूंसारखे धागे पसरलेले. आईनं बघितलं, पण "सांगितलं होतं" असं म्हणाली नाही. म्हणाली, "मग उद्या काढ."

झूम लेन्स पिशवीत तयार होती. दुसऱ्या दिवशी काय, त्याच क्षणी काढता आला असता. पण मला हट्ट. आईचा फोटो त्याच लेन्सनं काढणार. ती साफ करायला पुण्याला पाठवली आणि आईला थांब म्हणालो. तिनं इरकलीची घडी करून उशाशी ठेवली, पुन्हा ट्रंकेत टाकली नाही.

नवव्या दिवशी दुपारी ती पत्र्याखालीच गेली. शेजारणीनं फोन केला. मी आलो तेव्हा आतल्या खोलीचं दार ओढलेलं होतं आणि आत कुलर चालू होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, वय झालं होतं. उन्हामुळं का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं. पण विचारलं नाही.

लेन्स पुढच्या आठवड्यात परत आली, लख्ख होऊन. मी ती विकून टाकली.

त्या तीन फोटोंतला एक मोठा करून भिंतीवर लावला. आईचा दुसरा फोटो नव्हताच. वर्षश्राद्धाला मंगळवेढ्याची मावशी आली, फोटोसमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिली. चेहऱ्याभोवती पसरलेल्या त्या धूसर उजेडावरून तिनं बोट फिरवलं.

"लई तेज आलंय की अक्काच्या तोंडावर," ती म्हणाली. "कसं केलंस रं हे?"

बायको उठून आत गेली. ही बुरशी आहे, आणि आईनं ती आधीच सांगितली होती, हे मावशीला सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हणालो, "कॅमेऱ्यात येतं तसं."