गेणूच्या रावणाचा वारस

गेणू भोयेला मी १९९३ पासून ओळखतो. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात तो हेल्पर, मी स्टोअरला. स्वभाव इतका गरीब, की सुपरवायझर ओरडला तर हाच त्याला पाणी नेऊन द्यायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. पण चैत्र लागला की हा पेठ तालुक्यातल्या आपल्या गावी बोहाड्याला जाणारच, मग रजा मिळो न मिळो. बोहाड्यात देवांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून नाचतात, आणि गेणूच्या गावात रावणाचं सोंग भोयेंच्या घरचं. बापानं आपल्या हातानं मुलाच्या डोक्यावर मुखवटा ठेवायचा, मगच मुलगा नाचणार. घराबाहेरच्यानं घातलेला गावाला खपत नाही.

घरात आता होतं कोण? एकुलता मुलगा चंदर मोबाइलच्या दुकानात लागला होता. तो सरळ म्हणाला, "ते भूत मला नको." पुतण्यांनीही हात झटकले. तेव्हापासून गेणूला एकच घोर.

"यादवभाऊ, मी गेलो की रावण चुलीत जाईल," तो मला म्हणायचा.

२००९ साली नाशकात थायलंडचे कलाकार आले. मुखवटे घालून रामायण नाचतात, त्याला तिकडे खोन म्हणतात. मी आयोजकांच्या कमिटीत होतो. हॉलच्या दारात मांडायला म्हणून गेणूला रावण घेऊन बोलावलं. गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन बसून आला बिचारा.

दुपारी त्याला मेकअपच्या खोलीत नेलं आणि मीच तोंड उघडं टाकून बघत राहिलो. उंच टेबलावर सोनेरी मुखवटे ओळीनं मांडलेले, पुढे फुलं, उदबत्त्या. शेजारी जरीचे कपडे, आणि तिथंच त्यांचे नृत्यगुरू आपल्या शिकाऊ मुलांना घेऊन बसलेले. बँकॉकला शिकून आलेली आपली चैताली पगारे दुभाषी होती. ती म्हणाली, "त्यांच्या राणीनं लक्ष घालून हे सगळं नव्यानं करवून घेतलंय. कारागीर तयार केले, मुलांना शिकवलं. या गुरुजींना तर राजवाड्यात मान आहे."

"राणीनं? सोता?" म्हणत गेणू मटकन खाली बसला.

मला माझीच लाज वाटली. सोळा वर्षांत मी याचा बोहाडा बघायला एकदाही गेलो नव्हतो.

तेवढ्यात गेणूनं गोणपाट सोडलं आणि रावण गुरुजींच्या पायाशी सरकवला. "ह्यो बी घेऊन जा म्हनावं. राणीला सांगा, सांभाळ याला."

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" मी ओरडलोच. "घरचा रावण परदेशात देतोस?"

गुरुजी सत्तरीचे असतील. त्यांनी मुखवटा दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि पुन्हा गेणूच्या हातात दिला. मग काहीतरी बोलले. चैतालीनं ते मराठीत सांगितलं.

"ते म्हणतात, असा घेता येत नाही. गुरूनं स्वतः डोक्यावर ठेवला तरच मुखवटा आपला होतो. तुम्ही माझ्या डोक्यावर ठेवाल का?"

आणि राजवाड्यात मान असलेला तो माणूस आमच्या हेल्परपुढे हात जोडून गुडघ्यांवर बसला. त्याच्यामागे खोलीतली सगळी मुलंही बसली.

"यांच्यातबी असंच?" गेणू पुटपुटला. "यादवभाऊ, गाव मला वाळीत टाकंल."

गेणूनं डोळे मिटले आणि रावण गुरुजींच्या डोक्यावर ठेवला. गुरुजी उठले, त्या अडचणीच्या खोलीतच चार पावलं नाचले. गेणू तोंडानंच संबळ वाजवायला लागला. हे सगळं खरंच घडतंय, यावर माझा विश्वास बसेना.

संध्याकाळी मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. त्याच्या काखेत आता नुसतं रिकामं गोणपाट होतं. "गावात काय सांगशील रे?" मी विचारलं.

"खरं त्येच सांगन. रावणाला पोरगं गावलं. वयानं माझ्याहून मोठं हाय, पण नको म्हनलं नाय."